हरणारी एनएफएल टीम ऑफसीझनमध्ये खरंच सुधारतेय का? टप्प्याटप्प्याने कसं तपासायचं

मार्च उजाडला की प्रत्येक ग्रुपवर तेच सुरू होतं. कोणीतरी मोठा प्लेअर साइन केल्याची बातमी येते, लोक फटाके फोडतात, आणि ज्या टीमने अख्खा सीझन मार खाल्ला तिला एका संध्याकाळीत प्लेऑफमध्ये बसवून मोकळे होतात. मग सप्टेंबरमध्ये पहिल्या दोन मॅच हरल्या की तेच लोक कोचला हाकला म्हणून ओरडायला लागतात. दोन्ही वेळा चुकतं एकच, तपासायचा क्रम. आधी बातमी बघायची आणि मग तिला कारण चिकटवायचं, हे उलटं झालं. आधी टीम का हरली ते लिहायचं आणि मग प्रत्येक बातमी त्या कागदावर ठेवून बघायची.

हा लेख अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, सॉकर नाही. न्यू जर्सी, शिकागो, डॅलसकडे राहणारे आपले बरेच लोक ऑफिसच्या नादाने एनएफएल बघायला लागतात आणि सीझन संपला की ऑफसीझनच्या बातम्यांमध्ये हरवून जातात, मुख्यतः त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून शिकागो बेअर्सचा २०२५ चा ऑफसीझन घेतलाय कारण त्यात सगळं आहे: २०२४ मध्ये ५-१२ (पाच विजय, बारा पराभव), नंतर ११-६ आणि डिव्हिजन, म्हणजे चार टीमचा गट, जिंकली. मध्येमध्ये टायटन्स, पेट्रियट्स, वॉशिंग्टन येतील. नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

आधी तयारी

फार काही लागत नाही. एक वही किंवा शीट, आणि तीन साइट्स: आकड्यांसाठी प्रो फुटबॉल रेफरन्स, पैशांसाठी ओव्हर द कॅप किंवा स्पॉटरॅक. यूट्यूबवरचे ‘ए प्लस ग्रेड’वाले व्हिडिओ तयारीत मोडत नाहीत, ते करमणुकीत मोडतात.

शीटमध्ये चार कॉलम करा. पहिला ‘भोक’, म्हणजे टीम कुठे कमी पडली. दुसरा ‘पुरावा’. तिसरा ‘उपाय’, जो ऑफसीझनमध्ये भरत जायचा. चौथा ‘किंमत’, पैसे किंवा पिक्स (ड्राफ्टमध्ये नवा प्लेअर निवडायचे हक्क). पहिले दोन कॉलम फेब्रुवारी संपायच्या आत भरून झाले पाहिजेत, आणि भरल्यावर त्यांना हात लावायचा नाही. का? कारण टीमने रिसीव्हर घेतला की आपल्याला आपोआप वाटायला लागतं की हो हो, रिसीव्हरचाच प्रॉब्लेम होता की.

तारखांचा क्रमही डोक्यात ठेवा: जानेवारीत कोच, मार्चच्या मध्यावर नवं लीग वर्ष आणि फ्री एजन्सी (करार संपलेले प्लेअर नवी टीम शोधतात), एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट (कॉलेजमधल्या प्लेअरची पाळीपाळीने निवड), मे-जूनमध्ये साधे सराव, जुलैच्या शेवटी ट्रेनिंग कॅम्प, ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक टीमचे ९० प्लेअर कापून ५३. भारतातून बघत असाल तर वेळा अवघड आहेत, ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. जागायची गरज नाही, दुपारी चहा घेता घेता यादी वाचली तरी चालतं.

> लक्षात ठेवा: अमेरिकन बातम्यांत सगळं मिलियनमध्ये असतं. १० मिलियन म्हणजे १ कोटी. ४२ मिलियनचे ४२ कोटी करून ग्रुपवर टाकणारे दरवर्षी भेटतात.

टप्पा १: टीम का हरली ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि नेमकं इथेच लोक पाच मिनिटं देतात.

५-१२ हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. बेअर्स २०२४ मध्ये ४-२ ने सुरू झाले होते, मग सलग दहा मॅच हरले. त्या दहामधली पहिली वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी हवेत उंच भिरकावलेल्या पासवर गेली. एक ग्रीन बेविरुद्ध २०-१९ अशी, फील्ड गोल ब्लॉक झाला म्हणून. एक थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटविरुद्ध, जिथे टाइमआउट हातात असताना घड्याळ संपू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कोच मॅट एबरफ्लसची नोकरी गेली. आता बघा, अशी टीम आणि दर मॅच २० पॉइंटने हरणारी टीम, दोन्ही कागदावर ५-१२ असू शकतात पण दोघांचं दुखणं वेगळं आहे. म्हणून आधी पॉइंट फरक बघा, मग जवळच्या मॅच किती होत्या ते बघा.

त्यानंतर सगळ्यात मोठं भोक. बेअर्सचा रुकी (पहिल्याच वर्षाचा) क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच पाडला गेला. एनएफएलच्या इतिहासात एका सीझनमध्ये यापेक्षा जास्त मार फक्त दोनदा खाल्ला गेलाय. आता घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधायचं, कारण सॅक हा शब्द चार वेगवेगळ्या चुकांना झाकतो: लाइन (क्वार्टरबॅकसमोर उभे राहून त्याला वाचवणारे पाच जण) कमकुवत, क्वार्टरबॅक बॉल जास्त वेळ धरून ठेवतो, रिसीव्हर मोकळेच होत नाहीत, किंवा कोचने आखलेला प्लेच असा की बॉल लवकर सुटायला जागा नाही. बेअर्सच्या बाबतीत थोडंथोडं सगळंच होतं. केलेबला बॉल धरून पळायची खोड आहे हे खरं. पण आतल्या तीन जागा, दोन गार्ड आणि सेंटर, सीझनभर हलत होत्या, राइट गार्डचा तर खेळाडूच सीझनमध्येच सोडून दिला. आणि ऑफेन्स चालवणारा कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन नोव्हेंबरमध्येच घरी गेला. समोरून येणारा दबाव क्वार्टरबॅकला जास्त नडतो, कारण बाजूने आलेल्या माणसापासून पुढे सरकून सुटता येतं, नाकासमोर आलेल्याला टाळायचं कुठे?

तर शीटमध्ये असं लिहायचं: भोक एक, आतली लाइन, तीन जागा. भोक दोन, ऑफेन्स आखणारा माणूस. भोक तीन, मॅचच्या शेवटी डोकं न चालणं. भोक चार, पास रश, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणं.

नेहमीची चूक: ‘क्वार्टरबॅक बेकार’ असं एकच वाक्य लिहून पुढे जाणं. रुकी क्वार्टरबॅकबद्दलचा रकाना एक वर्ष रिकामा ठेवला तरी चालतो.

> तपासा: तुमच्या यादीत तीन ते पाच भोकं आहेत ना? एकच असेल तर तुम्ही नीट बघितलं नाही. दहा असतील तर क्रम लावला नाही.

टप्पा २: कोच आणि जीएम

प्लेअरच्या आधी हा टप्पा, कारण कोच ठरला की कोणता प्लेअर कामाचा ते ठरतं. तीन प्रश्न विचारा.

नवा कोच तुमच्या यादीतल्या वरच्या भोकांशी जुळतो का? बेअर्सने जानेवारी २०२५ मध्ये डेट्रॉइटचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बेन जॉन्सन आणला, म्हणजे भोक दोनला सरळ उत्तर. पेट्रियट्सचं भोक वेगळं होतं, ४-१३ नंतर जेरॉड मेयोला एकाच वर्षात काढलं आणि माइक व्रेबल आला, जो टेनेसीमध्ये आधी हेड कोच राहिला होता. तिथे ड्रेक मेसारखा तरुण क्वार्टरबॅक हाताशी होता, कमी होती ती घर सांभाळणाऱ्याची.

हेड कोचच्या हाताखाली कोण आलं? हे लोक वाचतच नाहीत. ऑफेन्सवाला हेड कोच असेल तर डिफेन्स कोणाच्या हातात दिला ते महत्त्वाचं, कारण तो त्या बाजूला फार लक्ष देणार नाही. बेअर्सने डेनिस ॲलनला घेतलं, तो सेंट्सचा हेड कोच राहून आलेला.

आणि तिसरं, जीएम (प्लेअर आणि करार ठरवणारा जनरल मॅनेजर) आणि कोच एकाच घड्याळावर आहेत का? जीएमची खुर्ची डळमळीत असेल तर तो आजच्या एका जास्तीच्या विजयासाठी दोन वर्षांनंतरचे पिक विकतो. कोचला पाच वर्षांचा करार आणि जीएमचं शेवटचं वर्ष, असं चित्र दिसलं तर शीटवर लाल खूण करा.

> सावध: ‘लॉकर रूमचं कल्चर बदललं’ ही बातमी प्रत्येक नव्या कोचच्या पहिल्या महिन्यात येते, पुढे २-१५ झालेल्या टीममध्येसुद्धा. कॉलममध्ये भरू नका.

टप्पा ३: पैसे मोजा, पण नीट

२०२५ ला प्रत्येक टीमची सॅलरी कॅप (प्लेअरच्या पगारांवरच्या खर्चाची मर्यादा) २७.९२ कोटी डॉलर होती, त्याआधीच्या वर्षी २५.५४ कोटी. सगळ्यांना सारखीच. मग एका टीमकडे शंभर मिलियन मोकळे आणि दुसरीकडे काहीच नाही, असं का होतं? ग्यानबाची मेख आहे साइनिंग बोनसमध्ये.

बोनस प्लेअरच्या हातात लगेच पडतो पण कॅपच्या हिशोबात तो कराराच्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षं. समजा पाच वर्षांचा करार आणि अडीच कोटी बोनस. दरवर्षी हिशोबात ५० लाख. दोन वर्षांनी त्या प्लेअरला काढलं तर उरलेले दीड कोटी एकदम अंगावर येतात, प्लेअर नसतानाही. याला डेड मनी म्हणतात, विकून टाकलेल्या गाडीचे हप्ते भरत बसण्यासारखं. १ जूननंतर काढल्याचं दाखवलं तर तो भार दोन वर्षांत विभागता येतो, म्हणून मार्चमध्ये बातमीत ‘पोस्ट जून १’ असं लिहिलेलं दिसतं.

आता चूक कुठे होते तर डेड मनी मोठा दिसला की लोक टीमला बुडीत खात्यात टाकतात. डेन्व्हरने २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून ८.५ कोटी डॉलर डेड मनी झाला, त्या वेळचा विक्रम. सगळे म्हणाले संपलं. त्याच वर्षी डेन्व्हर १०-७ झालं, कारण क्वार्टरबॅक बो निक्स रुकी कराराचा होता, स्वस्तातला.

इथूनच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निघतो: क्वार्टरबॅक रुकी करारावर आहे का आणि त्याची किती वर्षं उरलीत? केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा अख्खा करार ३.९५ कोटी डॉलरच्या आसपास आहे. डॅक प्रेस्कॉट डॅलसकडून सरासरी एका वर्षाचे ६ कोटी घेतो. हा जो फरक आहे ना, त्यातच बेअर्सची नवी लाइन विकत आली. पेट्रियट्सचं तेच, ड्रेक मे स्वस्त म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे लीगमधली सगळ्यात जास्त मोकळी कॅप होती. ही खिडकी तीन-चार वर्षांची असते. टीम त्यातलं कितवं वर्ष वापरतेय ते शीटच्या वर मोठ्या अक्षरात लिहा.

टप्पा ४: ट्रेड आणि फ्री एजन्सी

नियम एक, कराराचा मोठा आकडा वाचायचाच नाही. ‘चार वर्षं, १०.४ कोटी’ असं छापून येतं त्यातले गॅरंटी किती तेवढंच खरं. पेट्रियट्सने मिल्टन विल्यम्सला हाच करार दिला, गॅरंटी ६.३ कोटी. उरलेल्या आकड्यातली शेवटची वर्षं बऱ्याचदा सजावट असते, टीम त्याआधीच करार मोडते किंवा नवा करते.

नियम दोन, शीटवरच्या भोकाशी जोडा. बेअर्सने मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत काय केलं बघा. रॅम्सकडून गार्ड जोना जॅक्सन, सहाव्या फेरीच्या पिकवर. चीफ्सकडून गार्ड जो थुनी, पुढच्या वर्षीच्या चौथ्या फेरीच्या पिकवर. आणि अटलांटाचा सेंटर ड्रू डॅलमन, तीन वर्षं ४.२ कोटी. म्हणजे पहिलं भोक, तीनही जागा, ड्राफ्टच्या कितीतरी आधी बुजवल्या आणि त्यासाठी वरच्या फेऱ्यांतला एकही पिक गेला नाही. यात अजून एक बारकावा आहे. जॅक्सन डेट्रॉइटमध्ये बेन जॉन्सनच्याच ऑफेन्समध्ये खेळला होता, आणि रॅम्सकडचं त्याचं वर्ष वाईट गेलं म्हणून तो स्वस्तात मिळाला. कोच आधी ठरतो त्याचा फायदा तो हा.

थुनीबद्दल मात्र हातचं राखून लिहायचं होतं, वय ३२. असं वय दिसलं की त्या ओळीपुढे ‘दोन वर्षांचा उपाय’ लिहा, ‘सुटला’ लिहू नका.

आता त्याच मार्चमधलं दुसरं उदाहरण, टेनेसी टायटन्स. ३-१४ ची टीम, पहिला पिक हातात, नवा क्वार्टरबॅक येणार हे ठरलेलं. त्यांनीही लाइनवर पैसा ओतला, लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) डॅन मूरला चार वर्षांचे ८.२ कोटी. कागदावर भोक बुजलं. पण जो माणूस आधीच्या टीममध्येही सॅक सोडण्यासाठीच चर्चेत होता, त्याला बाजारात दुसरा टॅकल नाही म्हणून वरचा भाव मिळाला. कॅम वॉर्ड पुढच्या सीझनमध्ये पन्नासहून जास्त वेळा सॅक झाला, कोच ब्रायन कॅलहन ऑक्टोबरमध्ये गेला आणि टीम परत ३-१४. तेव्हा ‘लाइनवर खर्च केला’ एवढ्यावर खूश होऊ नका. कोणावर केला?

डिफेन्सवर बेअर्सनेही बरेच पैसे घातले, डेयो ओडेयिंग्बोला तीन वर्षांचे ४.८ कोटी, ग्रेडी जॅरेटला ४.३५ कोटी. ओडेयिंग्बोचं अकिलीस सीझनमध्ये तुटलं, जॅरेटही दुखापतीने मधल्या मॅच बसला. चांगल्या ऑफसीझनमध्येही अर्धा पैसा पाण्यात जातो, हे गृहीत धरूनच मोजा.

> सावध: नवं लीग वर्ष सुरू व्हायच्या आधी दोन दिवस एजंटशी बोलायची मुभा असते, तेव्हाच्या ‘करार झाला’ बातम्या पक्क्या नसतात. २०१९ मध्ये अँथनी बार जेट्सकडे जाणार असं सगळीकडे छापून आलं आणि तो मागे फिरून मिनेसोटातच राहिला. सही झाल्याशिवाय कॉलम भरू नका.

> तपासा: कोण गेलं तेही लिहिलंत का? येणाऱ्यांची यादी सगळे करतात. जाणाऱ्यांची कोणी करत नाही, आणि मग ऑक्टोबरमध्ये विचारतात की अमुक ठिकाणी हा कोण खेळतोय.

टप्पा ५: ड्राफ्ट

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी ग्रेड देणं बंद करा. आपण इथे दोनच गोष्टी बघू शकतो, किंमत आणि हेतू.

किंमत म्हणजे वर चढायला काय दिलं. याचं सगळ्यात महागडं उदाहरण बेअर्सच्याच फायद्याचं आहे. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सने पहिला पिक घ्यायला बेअर्सना रिसीव्हर डीजे मूर, त्या वर्षीचा नववा आणि ६१ वा पिक, पुढच्या वर्षीची पहिली फेरी आणि २०२५ ची दुसरी फेरी दिली. पँथर्स त्या वर्षी २-१५ झाले, त्यामुळे ‘पुढच्या वर्षीची पहिली फेरी’ हा थेट पहिला पिक निघाला आणि त्यावर केलेब विल्यम्स आला. नवव्या पिकवरून एक जागा खाली सरकून राइट टॅकल डार्नेल राइट घेतला. २०२५ च्या दुसऱ्या फेरीतून, ३९ वा, रिसीव्हर लूथर बर्डन. अख्खा ऑफेन्स उभा राहिला एका ट्रेडमधून. पँथर्सची चूक क्वार्टरबॅक घेतला ही नव्हती. त्याला मदत करणारा एकुलता एक चांगला रिसीव्हर त्याच व्यवहारात देऊन टाकला, ती होती. टीम वर चढली की विचारा: आता या मुलाच्या आजूबाजूला काय उरलं?

हेतू म्हणजे, फ्री एजन्सीत भोक बुजवून टीम ड्राफ्टला मोकळ्या हाताने आली का? बेअर्सनी दहाव्या पिकवर मिशिगनचा टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा) कोल्स्टन लवलंड घेतला तेव्हा बरीच बोंब झाली, गरज नव्हती म्हणून, आणि त्याच पोझिशनचा टायलर वॉरन समोर असताना हा कशाला म्हणून. पण लाइनचं काम मार्चमध्ये झालं होतं म्हणूनच ते कोचच्या पसंतीचा माणूस घेऊ शकले. सीझनअखेर लवलंडचेच रिसीव्हिंग यार्ड्स टीममध्ये सगळ्यात जास्त होते. सातव्या फेरीचा रनिंग बॅक काइल मोनंगाय तर अर्ध्या सीझनपासून नियमित पळत होता. सातव्या फेरीतल्या नावावर मात्र एप्रिलमध्ये भाकीत करू नका, असे बहुतेक ऑगस्टमध्येच कटतात.

मेच्या सुरुवातीला एक छोटी खूण मिळते. तीन वर्षं झालेल्या पहिल्या फेरीतल्या प्लेअरचं, चार वर्षांच्या करारापुढचं पाचवं वर्ष टीम उचलते की नाही. नाही उचललं तर टीमने स्वतःच्याच जुन्या निवडीवर फुली मारली, आणि ती जागा तुमच्या यादीत नवं भोक म्हणून लिहा.

टप्पा ६: मे आणि जून, म्हणजे बातम्यांचा दुष्काळ

इथे फारसं काही करायचं नाही. साधे सराव असतात, पॅड नाहीत, टक्कर नाही. टक्कर नसताना लाइनचा खेळाडू चांगला दिसतोय असं जर कोणी लिहिलं तर ते पान उलटा. या दिवसांत फक्त कोण कुठे उभं राहतंय एवढंच टिपा: पहिल्या टीमसोबत लेफ्ट टॅकलला कोण, स्लॉटला (आतल्या बाजूच्या रिसीव्हरच्या जागी) कोण, दुखापतीतून कोण अजून बाजूला सायकल मारतंय.

टप्पा ७: ट्रेनिंग कॅम्प ते ५३

पॅड चढले की मग बघण्यासारखं सुरू होतं. प्रीसीझनच्या तीन मॅचचा स्कोअर सोडून द्या, पहिल्या पंधरा-वीस प्लेमध्ये स्टार्टर कोण होते ते बघा.

बेअर्सच्या शीटवर या टप्प्यात एक मोठं प्रश्नचिन्ह उरलं होतं, लेफ्ट टॅकल. ब्रॅक्स्टन जोन्स घोट्याच्या दुखापतीतून येत होता, दुसऱ्या फेरीत घेतलेला ऑझी ट्रॅपिलो नवखा, शिवाय थिओ बेनेडेट नावाचा ड्राफ्टच न झालेला कॅनडाचा मुलगा. कॅम्प संपत आला तरी जागा कोणाची ते ठरेना. असं दिसलं की ती जागा ‘अर्धवट’ लिहायची, आणि झालंही तसंच: जोन्सने सुरुवात केली, मग बेनेडेट, मग शेवटी ट्रॅपिलो. म्हणजे उत्तम ऑफसीझनमध्येही पाचातली एक जागा उघडीच राहिली होती. तरी टीम चालली, कारण बाकीच्या चार पक्क्या होत्या. पाचातल्या दोन-तीन अशा अर्धवट असतील तर मात्र क्वार्टरबॅक कोणीही असो, नाकी नऊ येणार.

ऑगस्टच्या शेवटी ९० चे ५३ होतात तेव्हा सगळे कटलेल्यांची नावं वाचतात. तुम्ही दुसऱ्या दिवसाची बातमी वाचा. वेव्हर्सवर आलेले, म्हणजे दुसऱ्या टीमने सोडलेले, प्लेअर उचलायचा पहिला हक्क आधीच्या सीझनच्या खालच्या टीमला असतो, सीझनचे पहिले तीन आठवडे तोच क्रम चालतो. हरलेल्या टीमला फुकटात मिळणारी ही अजून एक सवलत. शेवटून दुसरी आलेली टीम एकही माणूस उचलत नसेल तर एकतर त्यांचा बेंच अचानक फार भारी झालाय, किंवा ऑफिसातल्यांना काम नकोय.

> तपासा: सप्टेंबरच्या १ तारखेला शीट उघडा. पहिल्या कॉलममधली किती भोकं पूर्ण बुजली, किती अर्धवट, किती तशीच? पहिली दोन बुजली असतील तर ऑफसीझन चांगला. चौथं, पाचवं बुजलं आणि पहिलं तसंच, तर नावं कितीही मोठी असोत, नाही.

टप्पा ८: शेड्यूल आणि नशीब वेगळं काढा

‘शेवटचे आले म्हणून सोपं शेड्यूल मिळालं’ हे वाक्य अर्धवट खरं आहे. १७ पैकी फक्त तीनच मॅच मागच्या वर्षीच्या क्रमांकावर ठरतात. सहा स्वतःच्या डिव्हिजनमध्ये, आणि आठ मॅच दोन ठरलेल्या डिव्हिजनविरुद्ध, ज्या आळीपाळीने येतात. त्यामुळे कोणत्या डिव्हिजनशी गाठ आहे ते जास्त महत्त्वाचं. पेट्रियट्सना २०२५ मध्ये एनएफसी साउथ आली, जी डिव्हिजन शेवटी ८-९ वाल्या टीमने जिंकली. पेट्रियट्स १४-३ झाले, सुपर बोलपर्यंत गेले, आणि तिथे सिॲटलकडून २९-१३ ने हरले. सुधारणा खरीच होती, कोणी नाकारत नाही, पण तिची उंची शेड्यूलने थोडी वाढवून दाखवली, आणि प्लेऑफमध्ये चांगले पास रश समोर आल्यावर लाइनची उरलेली भोकं दिसली.

बेअर्सलाही हेच लावा. सॅक ६८ वरून २४ वर आले, ही लाइनची आणि कोचची कमाई, ती टिकू शकते. पण २०२५ मध्ये समोरच्याकडून सगळ्यात जास्त बॉल हिसकावणारी टीमही तीच होती, आणि कितीतरी मॅच शेवटच्या दोन मिनिटांत फिरवल्या. हिसकावलेले बॉल आणि शेवटच्या क्षणांचे विजय पुढच्या वर्षी तेवढेच येतील याची काही खात्री नसते. शीटवर दोन वेगळ्या ओळी करा, ‘टिकेल’ आणि ‘बघू’.

टप्पा ९: निकाल कधी लावायचा

पहिल्या दोन मॅचवर नाही. बेअर्स २०२५ ला मिनेसोटाकडून २७-२४ आणि मग डेट्रॉइटकडून ५२-२१ असे हरून सुरू झाले होते, दुसरी तर बेन जॉन्सनच्या जुन्या टीमसमोर, आणि त्या आठवड्यात शिकागोत कोणाच्या तोंडून चांगला शब्द येत नव्हता. ५२ पॉइंट खाल्ले म्हणून डिफेन्सबद्दल काळजी करणं ठीक होतं. ऑफसीझन फसला म्हणणं मात्र घाईचं होतं, कारण शीटवरचं पहिलं भोक, आतली लाइन, त्या मॅचमध्येही उघडं पडलं नव्हतं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात एकदा शीट उघडा आणि विजय-पराभव न बघता फक्त भोकं तपासा. पुरावा म्हणून तुम्ही फेब्रुवारीत जो आकडा लिहिला होता तोच आत्ता किती आहे? आकडा निवडतानाही सांभाळा. केलेबचे पास पूर्ण होण्याची टक्केवारी २०२५ मध्ये उलट घसरली, ५८ वर आली. फक्त तीच धरून बसलेल्याला वाटलं असतं की पोरगा बिघडला. त्याच वर्षी त्याने ३,९४२ यार्ड्स टाकून टीमचा १९९५ पासूनचा विक्रम मोडला. भोक सॅकचं होतं तर सॅकच मोजा.

आणि शीट फेकू नका, पुढच्या जानेवारीत लागते. वॉशिंग्टन २०२३ ला ४-१३, नवा जीएम, नवा कोच, जेडन डॅनियल्स, आणि २०२४ ला १२-५, कॉन्फरन्स फायनल (सुपर बोलच्या आधीची मॅच). सगळ्यांनी काम झालं म्हणून शिक्का मारला. टीमनेही तसंच समजून २०२५ च्या मार्चमध्ये वयाने थोराड माणसं आणली, लेफ्ट टॅकल लॅरेमी टन्सिलसाठी चार पिक्स दिले. डॅनियल्स दुखापतींमुळे सातच मॅच खेळला आणि टीम ५-१२. ज्यांनी २०२४ च्या शीटवर ‘एका वर्षाचा करार’, ‘वय ३३’, ‘शेवटच्या मिनिटाला जिंकली’ अशा ओळी जपून ठेवल्या होत्या, त्यांना दुखापतीचा अंदाज आला नसता, पण क्वार्टरबॅक बाहेर गेल्यावर खाली जाळी नाही हे मार्चमध्येच दिसलं असतं. तेव्हा तुमची टीम ११-६ झाली असेल तर नव्या वर्षाची शीट ‘बघू’च्या ओळीपासून सुरू करा.